कोयता मीच दिला होता



परवा मंदिरजीतून बाहेर पडताना एकीने विचारलं, "तुमचा पारिजातक परत कसा काय फुटला हो? आमचा तर पार बोडका करून टाकलाय. आता मुळासकट काढूनच टाकावा म्हणते." तिला चपला घालता घालता दोन गोष्टी सांगितल्या. पण घरी आल्यावर वाटलं, हे नीट लिहूनच काढावं. कारण यात झाडाची निगा जेवढी आहे, तेवढीच माझी चूकही आहे, आणि चूक वगळून नुसती निगा सांगितली तर ते अर्धवट होईल.

आधीच सांगते, माझं मत थोडं कडू आहे. झाड तोडलं गेल्यावर आपण जी हळहळ करतो आणि मग जी धावपळ करतो, त्यातली निम्मी झाडासाठी नसते. ती आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून असते. आमच्या दारात दोन पारिजातक होते. आज एकच आहे. दुसरा कोयत्याने मेला नाही, माझ्या धावपळीने मेला.

वैशाखातली ती दुपार

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाचा साखरपुडा ठरला होता, घराला रंग द्यायचा होता. रंगारी म्हणाला, फांद्यांमुळे शिडी लागत नाही. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन पारिजातक, आणि भिंतीलगत मोगऱ्याची ओळ. सगळं सासूबाईंनी लावलेलं, घर बांधलं त्या वर्षी. नेमका त्याच वेळी गल्लीतून "झाडं छाटायची का" म्हणत एक जण चालला होता. मी त्याला बोलावलं. त्याच्या कोयत्याला धार नव्हती, म्हणून आमच्या सामानाच्या खोलीतला कोयता मीच काढून त्याच्या हातात दिला. "सगळं साफ करून टाका, जागा मोकळी पाहिजे," एवढं म्हणाले आणि मुगाच्या वड्या घालायला गच्चीवर गेले.

खाली आले तेव्हा दोन्ही झाडं गुडघ्याएवढी उरली होती. नीट कापलेलीसुद्धा नव्हती. लाकूड चिरफाळलेलं, साल लोंबत होती. मोगरा जमिनीपासून वीतभर. ढिगाऱ्यात शिंपी पक्ष्याचं एक घरटं होतं, पानांना टाके घालून शिवलेलं. रिकामं होतं. रिकामं नसतं तर काय, हा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

मी त्या माणसावर ओरडले. तो गोंधळून म्हणाला, "बाई, तुमीच तं म्हनलं न, साफ करा म्हनून." खरंच होतं ते. त्याचे पैसे दिले, त्याला पाणी दिलं. तो गेला.

सासूबाई दारात आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "दार लावून घे. ऊन आत येतंय."

इतकी वर्षं त्या दारातून ऊन कधी आत आलं नव्हतं.

त्या झाडाचं आमच्या घरी काय होतं

आमच्याकडे पूजेत झाडावरची फुलं तोडून वाहत नाहीत. केशरात रंगवलेले तांदूळच पुष्प म्हणून चढवतात. सासूबाईंचं माहेर कारंजा लाडच्या बाजूचं, शेतकऱ्याचं घर. तिथे केशर कुठून आणणार? त्यांची आई पारिजातकाच्या देठांनी तांदूळ रंगवायची. पहाटे आपोआप गळून पडलेली फुलं गोळा करायची, पांढऱ्या पाकळ्या वेगळ्या करून नारिंगी देठ सावलीत वाळवायचे, आणि लागतील तसे कोमट पाण्यात भिजवायचे. पाण्याला केशरासारखा रंग येतो. पूर्वी रेशीम रंगवायलाही हे देठ वापरत. सासूबाईंनी ही रीत आमच्या घरी आणली. भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत देठ साठवायचे, ते वर्षभर पुरायचे. डब्यावर त्यांच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी असायची: "देठ".

त्या वर्षी डबा अर्धा होता. त्यांनी तो उघडून पाहिला आणि झाकण लावलं. मी स्वयंपाकघरात होते. मला दिसलं.

भिंतीवरचं जांभळीचं झाड

आपल्या कितीतरी मंदिरांत लेश्यावृक्षाचं चित्र असतं. लहानपणापासून आपण ते पाहतो आणि पुढे जातो. सहा माणसं जांभळीपाशी येतात, सगळ्यांना भूक लागली आहे. कृष्ण लेश्येचा म्हणतो, मुळापासून तोडू. नील लेश्येचा म्हणतो, खोड तोडू. कापोत लेश्येचा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडू. पीत लेश्येचा म्हणतो, लहान डहाळ्या पुरेत. पद्म लेश्येचा म्हणतो, फक्त फळं तोडू. आणि शुक्ल लेश्येचा म्हणतो, खाली पडलीत तेवढी वेचू.

पाठशाळेत मुलांना मी हे चित्र कितीदा समजावलं आहे! आणि दरवेळी मनात धरून चालले की आपण निदान पाचव्या-सहाव्या माणसाजवळ आहोत. सासूबाई खरोखरच सहाव्या होत्या. पन्नासएक वर्षं त्यांनी त्या झाडाचं पडलेलंच वेचलं. मी मात्र दुसऱ्या क्रमांकावर निघाले. गंमत म्हणजे त्या सहाही जणांना भूक तरी लागली होती. मला तर फक्त शिडी लावायची होती.

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती आहे. कामाशिवाय केलेली हिंसा टाळणं, असा तिचा साधा अर्थ. तिचे जे पाच प्रकार सांगतात, त्यात प्रमादचर्या आहे, म्हणजे विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडं-फांद्या तोडणं. आणि हिंसादान आहे, म्हणजे कुऱ्हाड, तलवार, विष यांसारखं हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. हे सगळं मला पाठ होतं. तरी वैशाखातल्या त्या दुपारी धारदार कोयता मीच काढून दिला. दोन्ही दोष एका वाक्यात आले: "सगळं साफ करून टाका."

माळ्याला, मजुराला, रंगाऱ्याला दोष देणं सोपं असतं. पण काम सांगणारी बाई जिथे उभी राहत नाही, तिथे काय तोडायचं हे कोयताच ठरवतो.

मी काय केलं, आणि ते का चुकलं

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही झाडांना बादलीभर पाणी घालू लागले. आपल्याकडे पाणी काही रोज येत नाही. महानच्या धरणातून येणारं पाणी आपण टाक्या भरभरून साठवतो, हे अकोलेकरणींना सांगायला नको. तरी मी आंघोळीचं, भांड्यांचं पाणी वाचवून झाडांना घालत होते. मनाला फार बरं वाटायचं. शेतीवाल्या एका नातेवाइकाने युरिया दिला, तोही मूठ-मूठ टाकला. कोणी सांगितलं म्हणून बुंध्याभोवती ताजं शेणही लिंपलं.

बाराव्या दिवशी सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. म्हणाल्या, "कोणासाठी घालतेस गं एवढं पाणी?"

म्हटलं, "झाडासाठी, आई."

"त्याला प्यायला पानं कुठं आहेत?"

मी गप्प झाले. शास्त्रसुद्धा हेच सांगतं. मुळं पाणी ओढतात ते मुख्यतः वर पानांतून पाण्याची वाफ होत असते म्हणून. पानंच गेली की ओढ संपते. पाणी जमिनीत तसंच राहतं. आपली काळी माती आधीच पाणी धरून ठेवणारी. फाटकाच्या डावीकडच्या झाडाभोवती आम्ही सिमेंटचे ठोकळे बसवलेले, तिथे जमीन खोलगट. पाण्याला वाट नाही आणि मुळांना हवा नाही. त्यात युरिया. मुळं कुजली. आषाढात त्या बुंध्याची साल बोटाने दाबली तर मऊ लागली, वास आला. उजवीकडचं झाड थोड्या उंचवट्यावर होतं, म्हणून वाचलं.

माझं पाणी झाडाच्या तहानेसाठी नव्हतं, माझ्या अपराधासाठी होतं. प्रायश्चित्त घेणाऱ्याने आधी ज्याचा अपराध केला त्याच्याकडे बघायला हवं. मी स्वतःकडेच बघत होते.

खरंच उपयोगी पडलं ते

आता ज्यांच्या दारात असं बोडकं झाड उभं आहे त्यांच्यासाठी, जे सासूबाईंनी सांगितलं आणि पुढे अनुभवाने व वाचनाने पटलं ते लिहिते.

पहिलं, घाईने मुळासकट काढू नका. नखाने साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर जीव आहे. खोडाच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात. वरचा शेंडा असेपर्यंत ते झोपून राहतात, शेंडा गेला की जागे होतात. पारिजातक, मोगरा, जास्वंद, कडुनिंब ही सगळी बुंध्यापासून फुटणारी झाडं आहेत. मात्र वैशाखात तोडलेलं झाड पावसाळा लागेपर्यंत गप्प बसू शकतं. तेवढा धीर धरा.

दुसरं, चिरफाळलेली साल आणि लोंबणारे तुकडे तेवढे धारदार चाकूने काढा, म्हणजे जखमेत पाणी साचणार नाही. त्याहून जास्त आता कापू नका. "नीट आकार देऊ" म्हणून परत आरी चालवण्याचा मोह होतो. कोंब कुठे फुटतात ते दिसल्यावर, त्याच्या वरचं सुकलेलं लाकूड तिरकं काप घेऊन काढायचं. जीव कुठे आहे ते झाडाला सांगू द्या.

तिसरं, जखमेला डांबर, ऑइलपेंट, मेण काही फासू नका. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड आतून भिंत घालून खराब भाग बंद करतं आणि कडेने नवं लाकूड वाढवतं. वरून बंद केलं तर आत ओल कोंडते. आपल्या वऱ्हाडात संत्र्याची सल काढल्यावर बोर्डो पेस्ट लावतात. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर हे त्याचं प्रमाण. बागाइतीत त्याची गरज असेल, अंगणातल्या एका झाडाला सहसा लागत नाही.

चौथं, ऊन. हे आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचं. पानांच्या सावलीत वाढलेल्या सालीवर अकोल्याचं ४५ अंशांचं ऊन एकदम पडलं की साल भाजते, तडकते. दक्षिण आणि पश्चिम बाजूला पातळ चुन्याचा हात द्या. आम्ही चार काठ्या रोवून पश्चिमेकडे जुनं सुती लुगडं बांधलं होतं. खोडाला गुंडाळायचं नाही, थोडं लांब बांधायचं, म्हणजे वारा खेळतो.

पाचवं, पाणी. खुरप्याने चार बोटं माती उकरून पाहायची. खाली ओल असेल तर पाणी नाही. आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यातही आठ-दहा दिवसांनी एक बादली पुरली. तीही बुंध्याशी नाही, पूर्वी जिथवर झाडाची सावली पडायची त्या घेरात, कारण पाणी ओढणारी बारीक मुळं तिथे पसरलेली असतात. भेगा पडलेल्या जमिनीत पाणी सरळ खाली निघून जातं. म्हणून आधी भेगा मातीने बुजवा.

सहावं, खत. पहिली पानं येऊन ती गर्द हिरवी होईपर्यंत काहीच नको. मुळांजवळ साठवलेलं असतं त्यावर झाड पहिले कोंब काढतं. युरियाने लुसलुशीत, लांबट, कमजोर फूट येते आणि तिच्यावर मावा बसतो. मग मावा मारायला औषध, म्हणजे एका हिंसेतून दुसरी. पावसाळा अर्धा सरल्यावर दोन ओंजळी पूर्ण कुजलेलं शेणखत पुरे. ताजं शेण नको, ते मुळं भाजतं.

सातवं, आच्छादन. वाळलेल्या पानांचा दोन-तीन इंच थर मातीवर घाला, पण बुंध्यापासून हातभर लांब. बुंध्याला चिकटून पाला ठेवला तर वाळवी येते, आणि मग तिला मारायचं की झाड वाचवायचं असा पेच पडतो. तो पेच येऊच न देणं आपल्या हातात आहे.

आठवं, आणि हे सर्वांत अवघड: पहिल्या वर्षी आलेली फूट तोडू नका. बुंध्यातून पंचवीस-तीस कोंब एकदम येतात, झाड झाडूसारखं दिसतं. हात शिवशिवतात. पण ती सगळी पानं त्या झाडाची चूल आहेत. ती पेटल्याशिवाय मुळांना अन्न नाही. दुसऱ्या वर्षी माघात, हिवाळा सरताना, चारही बाजूंना पसरलेले पाच-सहा सशक्त कोंब ठेवून बाकीचे थोडे थोडे काढा. एका वेळी हिरव्या भागाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. अशी जुन्या डोळ्यांतून आलेली फांदी सुरुवातीला खोडाला वरवर धरलेली असते. वादळात ती फाटते, म्हणून तिला एकदम फार लांब वाढू देऊ नका. झाड कलमी असेल, जसा गुलाब किंवा संत्रा, तर कलमाच्या जोडाखालून येणारे पाणसोट मात्र काढावेच लागतात, कारण ते मूळच्या खुंटाचे असतात.

मोगऱ्याची चिंता फार करू नका. मोगरा तर दरवर्षी हिवाळ्यात मुद्दाम छाटतात, कारण त्याला फुलं नव्या फुटीवर येतात. त्याला दुखलं ते छाटल्याने नाही, वैशाखात छाटल्याने. पारिजातकालाही फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून त्याला आशा लवकर असते. माझी भाची बॉस्टनला असते. तिच्या अंगणात लायलॅकचं झुडूप आहे, जांभळ्या घोसांचं. तिथल्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये १९०८ पासून 'लायलॅक संडे' साजरा होतो म्हणे. आपला मोगरा, पारिजातक आणि ते लायलॅक एकाच कुळातले, जैतुनाच्या कुळातले. पण लायलॅकच्या पुढच्या वसंताच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. कोणी ते आदल्या हिवाळ्यात तोडलं तर त्या वसंतात फूल नाही, आणि बुंध्यापर्यंत तोडलं तर दोन-तीन वर्षंही वाट पाहावी लागते. म्हणून तिथे जुनं झुडूप नवं करायचं तर दरवर्षी एक तृतीयांश जुनी खोडं काढतात, तीन वर्षांत काम पुरं करतात. भाचीने हे सांगितलं तेव्हा मला आपला संयमच आठवला. एकदम सगळं करायचं नाही, थोडं थोडं करायचं.

मग झाडं लावूच नयेत का?

आपल्यात काही भगिनी म्हणतात, बागकाम म्हणजे आरंभच. माती खणली की जीव, पाणी घातलं की जीव, छाटलं की जीव. त्यापेक्षा अंगणात फरशी घातलेली बरी. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. ज्यांनी प्रतिमा घेतल्या, सचित्ताचा आणि आरंभाचा त्याग केला, त्यांचा मार्ग वेगळा. पण आपण गृहस्थ आहोत. आपण फरशी घालतो तीही माती खणूनच घालतो. त्या फरशीखाली काय काय गाडलं जातं ते फक्त दिसत नाही. आणि आधी लावलेलं झाड आहे, त्याचं काय? त्याच्यावर शिंपी, बुलबुल, खारी अवलंबून आहेत. जबाबदारी घेतल्यावर अंग काढून घेणं याला मी अहिंसा म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाच्या भगिनी म्हणतात, "झाडच तर आहे, परत येईल." एकेंद्रिय आहे म्हणून त्याचं दुःख कमी धरायचं, हे मला पटत नाही. श्वेतांबर परंपरेतल्या आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात वनस्पतीची तुलना माणसाच्या देहाशी केलेली आहे: तोही जन्मतो, हीही, तोही वाढतो, हीही, तोही तोडल्यावर सुकतो, हीही. ज्याला ओरडता येत नाही त्याच्या बाबतीत आपण जास्त जपायला हवं, कमी नव्हे.

म्हणून माझं म्हणणं मधलं आहे. छाटावं लागलं तर छाटा, पण आधी हेतू सांगता आला पाहिजे: कोणती फांदी, का, आणि कुठपर्यंत. "सगळं साफ" हा हेतू नाही. छाटण्याआधी घरटी बघा. चातुर्मासात शक्यतो हात लावू नका, तेव्हा फांदीफांदीवर जीव असतात. फांदी मधोमध तोडून खुंट ठेवू नका. जिथे ती मोठ्या फांदीला मिळते त्या फुगीर कड्याच्या बाहेर काप घ्या. जाड फांदी असेल तर आधी खालून थोडा काप द्या, म्हणजे पडताना साल खालपर्यंत फाटत नाही. आणि कोयता हातात देऊन गच्चीवर जाऊ नका. तिथे उभ्या राहा. वड्या दुसऱ्या दिवशीही घालता येतात.

पावसाळ्याआधी तारांखालची झाडं छाटायला माणसं येतात तेव्हाही तेच. बाहेर जा, पाणी विचारा, आणि तारेकडे जाणाऱ्या फांद्याच काढा म्हणून विनंती करा. बहुतेक वेळा ऐकतात. मोठी झाडं तोडायची तर मनपाची परवानगी लागते हेही लक्षात असू द्या. शहरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे, आणि त्यात 'झाड तोडणे' या शब्दांत इतर रीतीने इजा करणंही धरलेलं आहे. रोपं किंवा सल्ला हवा असेल तर आपल्या अकोल्यातच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. त्याचा लाभ आपण फार कमी घेतो.

क्षमावाणी

त्या वर्षी दशलक्षण पर्व झालं. भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणीच्या दिवशी मी सासूबाईंच्या पाया पडले आणि झाडांसाठी क्षमा मागितली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "मी तर केव्हाच केली. झाडाकडे माग." म्हटलं, "ते कसं मागायचं?" म्हणाल्या, "तीन वर्षं कोयता लावू नको. तेवढं पुरे."

मला आधी ते फार सोपं वाटलं होतं. उत्तम क्षमा म्हटलं की आपल्याला हात जोडणं आठवतं. हात आवरणं आठवत नाही. पण या तीन वर्षांत किती वेळा हात शिवशिवले ते मलाच माहीत. झाड वेडंवाकडं वाढलं. एक फांदी फाटकावर आली, येणारे-जाणारे वाकून येऊ लागले. पाहुणे म्हणायचे, "जरा कापून टाका की." मी म्हणायचे, "आमचं व्रत आहे." सासूबाई आतून हसायच्या. दुसऱ्या वर्षीच्या माघात चार-दोन कोंब काढायचे होते, तेव्हा मी त्यांना आधी विचारलं. त्यांनी खुर्ची बाहेर मागवली, काठीने एकेक दाखवला, आणि मी कात्रीने काढला. कोयता माळ्यावर टाकला आहे, तो तिथेच आहे.

पहिल्या भाद्रपदात नुसती पानं. दुसऱ्या भाद्रपदात एका पहाटे फरशीवर सात फुलं. मी सातही मोजली. सासूबाईंनी ती वेचू दिली नाहीत, "राहू दे, पहिली आहेत" म्हणाल्या. यंदा एका बाजूने तरी झाड चांगलं बहरलं. दुसरी बाजू अजून रिकामीच आहे, आणि फाटकाच्या डावीकडे जिथे दुसरं झाड होतं तिथे आम्ही ठोकळे काढून माती मोकळी केली आहे. तिथे अजून काही लावलेलं नाही. सासूबाई म्हणतात, आधी जमिनीला श्वास घेऊ दे.

आता त्यांना खाली वाकवत नाही. देठ मी गोळा करते, त्या ताटलीत निवडतात. परवा दशलक्षणात तांदूळ रंगवले. रंग थोडा फिका आला, कारण देठ थोडेच होते. त्यांनी मूठभर तांदूळ हातात घेऊन उजेडात पाहिले आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गडद होईल."

दाराशी आता सकाळी दहापर्यंत सावली असते. पुढे ऊन आत येतं. मी दार लावून घेत नाही.

जय जिनेंद्र.